बी.एस्सी. प्रथम वर्षाचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स: काय वाचायचं, काय तूर्त सोडायचं

प्रश्न आला आहे परळीच्या बाजूच्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला ये-जा करणाऱ्या मुलीचा. बी.एस्सी. प्रथम वर्ष, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती लिहिते: "मॅडम, इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं, म्हणजे स्थिर विजेचं, युनिट डोक्यावरून चाललंय. वर्गात शिकवतात तेव्हा कळतं, घरी बसलं की गणित सुटत नाही. चांगल्या नोट्स, पीडीएफ, यूट्यूबचं चॅनल सांगा. पुस्तकं विकत घेण्यासारखी परिस्थिती नाही. मराठीत काही असेल तर फार बरं."

पीडीएफ मी पाठवणार नाही, हे आधीच सांगते. तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर त्या दहा-बारा तरी पडलेल्या असणार, आणि त्यातली एकही तू चौथ्या पानापुढे उघडली नसशील. वीसेक वर्षं मी हाच विषय शिकवते आहे. ज्या लेकराच्या फोनमध्ये सगळ्यांत जास्त पीडीएफ, त्याच्या वहीत सगळ्यांत कमी गणितं, हे दरसाल पाहते. तुला लागतं एक वाचायचं पुस्तक, एक गणितांचं पुस्तक आणि डोळ्यांनी बघायची एक जागा. तिन्ही फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत होतात.

त्याआधी एक गोष्ट तपासून घे. "वर्गात कळतं, घरी सुटत नाही" याचं मूळ बहुतेक वेळा इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये नसतंच. ते बारावीच्या व्हेक्टरमध्ये नाहीतर इंटिग्रेशनमध्ये असतं. कुठे आहे ते कळल्याशिवाय पुस्तक बदलून उपयोग नाही.

कोरा कागद घे. प्रत्येकी २ नॅनोकूलोंबचे दोन धन चार्ज एकमेकांपासून २० सेंटीमीटरवर ठेव. बरोबर मधल्या बिंदूवर फील्ड किती, पोटेन्शिअल किती? मग त्यातला एक चार्ज ऋण कर आणि दोन्ही पुन्हा काढ.

पहिल्या वेळी फील्ड शून्य येतं, कारण दोन्ही बाजूंनी सारखाच उलटसुलट जोर. पोटेन्शिअल मात्र १८० अधिक १८०, म्हणजे ३६० व्होल्ट. दुसऱ्या वेळी पोटेन्शिअल शून्य आणि फील्ड ३६०० न्यूटन प्रति कूलोंब. ही उत्तरं इथे न बघता तुझी तुला आली तर तुझा पाया धड आहे, सरळ गॉस लॉकडे (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं फील्ड आणि आतला चार्ज यांचं नातं सांगणारा नियम) जा. दुसऱ्या वेळीही तू फील्ड शून्य लिहिलं असेल, तर व्हेक्टरची दिशा पाहायच्या आधीच तू आकडे मांडतेस. "फील्ड शून्य म्हणून पोटेन्शिअलही शून्य" असं लिहिलं असेल तर घाबरू नकोस, निम्मा वर्ग तेच लिहितो. आणि आकड्यातच गोंधळ झाला असेल, नॅनो म्हणजे किती आणि सेंटीमीटरचा मीटर केलाच नाही, तर कुठलंही पुस्तक तुला वाचवणार नाही. आठ दिवस फक्त एककं घोट.

पाया कच्चा निघाला तर लाज न बाळगता बारावीकडे जा. एनसीईआरटीच्या बारावीच्या फिजिक्सचा पहिला भाग त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यातली पहिली दोन प्रकरणं, चार्ज व फील्ड आणि पोटेन्शिअल व कपॅसिटन्स, म्हणजे तुझ्या युनिटचा सांगाडाच. बालभारतीचं बारावीचं फिजिक्स घरात असेल तर त्यातलं आठवं प्रकरण याच विषयाचं. बी.एस्सी.ला आल्यावर बारावीचं पुस्तक उघडायला मुलांना कमीपणा वाटतो. मला कधी वाटला नाही, अजूनही उघडते.

आता गणितांचं पुस्तक. एच. सी. वर्मांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चा दुसरा भाग मिळव, २९ ते ३१ ही तीन प्रकरणं. नवं घेऊ नकोस. आपल्याकडे लातूर पॅटर्नच्या कृपेने गल्लोगल्ली नीटची तयारी करून बसलेली लेकरं आहेत. परीक्षा झाली की ही पुस्तकं माळ्यावर नाहीतर रद्दीत जातात. लातूर, अंबाजोगाई, नांदेडला कुणी नातेवाईक असेल तर एक फोन कर. सोडवून दाखवलेली उदाहरणं आधी उत्तर झाकून स्वतः कर, मग मागची. शेवटच्या अवघड गणितांवर अडून बसू नकोस, ती वेगळ्या स्पर्धेसाठी आहेत. इरोडोव्हच्या अवघड गणितांच्या पुस्तकाचं नाव कुणी घेतलं तर मान डोलाव आणि पुढे जा. ते पुस्तक उत्तम आहे, पण ते या वर्षीचं काम नाही.

वाचायच्या पुस्तकाला माझी पहिली पसंती ओपनस्टॅक्सच्या 'युनिव्हर्सिटी फिजिक्स'चा दुसरा खंड. कायदेशीर मोफत आहे, फोनवर एकेक उपप्रकरण उघडून वाचता येतं. पाच ते आठ ही प्रकरणं तुझी: चार्ज आणि फील्ड, गॉस लॉ, पोटेन्शिअल, कपॅसिटन्स. इंग्रजी सोपं आहे, चित्रं भरपूर. संपूर्ण खंडाची फाईल जड असते. रोजच्या दीड जीबीतून ती उतरवण्यापेक्षा कॉलेजच्या वायफायवर एकदाच उतरव. इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर 'इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम' हा बी.एस्सी.चा कोर्स आहे, क्रमांक बीपीएचसीटी-१३३. घरी एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी समोर धरूनच तो लिहिला आहे, आधी व्हेक्टर अ‍ॅनालिसिस आणि मग इलेक्ट्रोस्टॅटिक्स असा क्रम आहे. वर्गातली गाडी जिथे सुटते तिथे मी मुलांना हेच देते.

आणि ग्रिफिथ्स. त्याचं नाव तुला कुणीतरी सांगितलंच असेल. 'इंट्रोडक्शन टू इलेक्ट्रोडायनॅमिक्स' कॉलेजच्या लायब्ररीत असतं. पहिलं प्रकरण व्हेक्टरचं, दुसरं इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं. हा माणूस समोर बसून गप्पा मारल्यासारखं लिहितो, त्यामुळे मुलं प्रेमात पडतात आणि मग एका अक्षरावर आपटतात. चार्जपासून आपल्या बिंदूपर्यंतचं अंतर तो वळणदार हाताने लिहिलेल्या 'आर'ने दाखवतो आणि आरंभबिंदूपासूनचं अंतर साध्या 'आर'ने. वर्गात मुलं दोन्ही एकच समजून उतरवून घेतात, उत्तर चुकतं आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतात. वहीत या दोन अंतरांना दोन वेगळ्या रंगांचे पेन वापर. तिसरं प्रकरण, लाप्लासचं समीकरण वगैरे, प्रथम वर्षाला सोड. चौथ्यातलं डायइलेक्ट्रिकपुरतं (कपॅसिटरच्या पत्र्यांमध्ये घालायचा वीज न वाहणारा पदार्थ) वाच. लायब्ररीतली पर्सेलच्या 'इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम'ची जुनी प्रत हाती आली तर सावध राहा. तिसऱ्या आवृत्तीच्या आधीच्या प्रतींत सीजीएस (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद) एककं आहेत, तिथे कूलोंबच्या नियमात चार पाय एप्सिलॉन शून्य (4πε₀) दिसणारच नाही आणि तुला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. फाइनमनची व्याख्यानं कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, दुसऱ्या खंडातली चार आणि पाच ही प्रकरणं तुझ्या विषयाची. ती सुट्टीत वाच, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको.

व्हिडिओबद्दल माझं मत जरा कडवट आहे. बी.एस्सी.च्या नावाने चालणाऱ्या पुष्कळ चॅनलवर माणूस गाईड समोर ठेवून फळ्यावर उतरवतो आणि आपण ते वहीत उतरवतो. दोघांच्याही डोक्याला त्रास नाही. एच. सी. वर्मांचा बी.एस्सी.च्या मुलांसाठी केलेला इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा ऑनलाइन कोर्स आहे, तो बघ. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स बघायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच लागतात. कुठलाही व्हिडिओ असो, गणित फळ्यावर लिहून झालं की थांबव. स्वतः सोडव. मग पुढे चालव.

आता गाईडचा विषय निघालाच आहे तर माझीच एक फजिती सांगते. आमच्या वेळी लायब्ररीत चांगल्या पुस्तकाची एकच प्रत असायची आणि ती 'संदर्भ' म्हणून कपाटात कुलूपबंद. म्हणून आम्ही सगळे एकाच गाईडवर. त्या गाईडात चार्ज असलेल्या अनंत पातळ पत्र्याचं फील्ड दिलं होतं: सिग्मा भागिले एप्सिलॉन शून्य. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्कही मिळाले. एम.एस्सी.ला गेल्यावर एका सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "पत्र्याला बाजू किती?" मी म्हटलं, दोन. "मग तुझं फील्ड एकाच बाजूला का जातंय?" मला घाम फुटला.

ही चूक तू आत्ताच नीट बघून घे, कारण गॉस लॉचा निम्मा जीव हिच्यात आहे. कागदासारखा पातळ, वीज न वाहणारा पत्रा घे. त्याच्यावर दर चौरस मीटरला सिग्मा इतका चार्ज. पत्र्याला आरपार छेदणारा एक छोटा डबा कल्पनेत ठेव, एक झाकण अलीकडे, एक पलीकडे. फील्ड दोन्ही झाकणांतून बाहेर जातं, डब्याच्या भिंतींतून काहीच जात नाही. एकूण फ्लक्स, म्हणजे डब्यातून बाहेर पडणारं सगळं फील्ड, दोन झाकणांत वाटला गेला, म्हणून प्रत्येक बाजूला निम्मं: सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन शून्य. आता तोच डबा धातूच्या जाड गोळ्याच्या पृष्ठभागावर ठेव. एक झाकण धातूच्या आत, एक बाहेर. आत फील्ड शून्य. सगळा फ्लक्स बाहेरच्या एकाच झाकणातून निघतो, म्हणून तिथे पूर्ण सिग्मा भागिले एप्सिलॉन शून्य. सूत्रं दोन दिसतात, नियम एकच आहे, फरक इतकाच की फील्ड किती झाकणांतून बाहेर पडतं.

इथे हुशार मुलगी विचारेल (तू विचारावंस अशी माझी इच्छा आहे): धातूच्या पृष्ठभागावरचा तो छोटा तुकडाही पातळ पत्र्यासारखाच की, मग त्याचं फील्ड निम्मंच यायला हवं. बरोबर. तुकड्याचं निम्मंच येतं, बाहेरच्या बाजूला आणि आतही. उरलेलं निम्मं धातूवरचे बाकीचे सगळे चार्ज मिळून देतात. बाहेर ही दोन्ही निम्मी एका दिशेला, म्हणून बेरीज. आत विरुद्ध दिशेला, म्हणून शून्य. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी त्या गाईडचं पान फाडलं नाही, पण पेन्सिलीने त्याच्यावर मोठी फुली मारली. ते गाईड अजून माझ्याकडे आहे, वर्गात दाखवते.

बघायच्या जागेसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स. यातली बरीचशी मराठीतही आहेत. 'चार्जेस अँड फील्ड्स' हे उघड. बोटाने चार्ज ठेवायचे, फील्डचे बाण दिसतात, मीटर फिरवला की त्या जागेचं पोटेन्शिअल दिसतं आणि समान पोटेन्शिअलच्या रेषा काढता येतात. वर दिलेली दोन चार्जची चाचणी तिथे मांडून बघ. एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, एसटीत बसून करण्यासारखं आहे.

पण पडद्यावर भागू नये. वावरात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेले असतातच, हातभर तुकडा आण. घरात जुनी घोंगडी असेल तर तिच्यावर तो जोरात घास. घासलेला पाइप ऋण होतो. वेफरच्या पुड्याच्या आतल्या चंदेरी कागदापेक्षा स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल बरी, तिचे तांदळाएवढे कपटे जमिनीवर टाक आणि पाइप वरून हळूहळू खाली आण. कपटा उडी मारून पाइपाला चिकटेल आणि लगेच दूर फेकला जाईल. त्या अर्ध्या सेकंदात तुझं अर्धं युनिट घडून गेलं. कपट्यावर चार्ज नव्हता तरी तो ओढला गेला, कारण त्याच्यातले इलेक्ट्रॉन पलीकडे सरकले आणि जवळची बाजू धन झाली. पाइपाला टेकल्यावर त्याने पाइपाचा चार्ज घेतला आणि सारख्या चार्जने ढकलून दिला. आता शीतपेयाचा रिकामा डबा सपाट फरशीवर आडवा ठेव आणि पाइप न टेकवता जवळ ने. डबा पाइपामागे गडगडत येतो. माझ्या वर्गात फिजिक्सला सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट याला पडतो, डेरिव्हेशनला नाही.

हे पावसाळ्यात करू नकोस, दमट हवेत चार्ज टिकत नाही आणि मग तू मला शिव्या देशील. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या प्रयोगांसाठी उत्तम. त्याच दिवसांत अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या दिसतात. त्याचंही गणित कर. हवेत ठिणगी पडायला ढोबळमानाने दर मीटरला ३० लाख व्होल्ट लागतात, म्हणजे एक मिलिमीटरच्या ठिणगीला सुमारे ३००० व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टला आपण घाबरतो, मग तीन हजारांनी काहीच का होत नाही? माणसाच्या शरीराची कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड धर. अर्धा सी व्ही वर्ग (½CV²) हे ऊर्जेचं सूत्र लाव. अर्धा मिलिज्यूलही भरत नाही. पोटेन्शिअल आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा चांगलं कुणी सांगू शकत नाही.

इथे मराठीचा तुला एक फायदा आहे. इंग्रजीत 'पोटेन्शिअल' आणि 'पोटेन्शिअल एनर्जी' हे शब्द इतके सारखे की मुलं आयुष्यभर एकाच्या जागी दुसरा लिहितात. मराठीत एकाला विभव म्हणतात, दुसऱ्याला स्थितिज ऊर्जा. शब्दच इतके वेगळे की गोंधळायला जागा नाही. मराठी माध्यमाची लेकरं हे विसरून इंग्रजीच्या गोंधळात जाऊन बसतात.

मराठीत संपूर्ण बी.एस्सी.च्या दर्जाचं, गणितांसह असं हाताशी पुस्तक मी तुला सांगू शकत नाही. पण आधाराला पुष्कळ आहे. सातवीच्या बालभारतीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत असा धडाच आहे, अर्ध्या तासात वाचून होईल, वाच. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातल्या विजेवरच्या नोंदी शाळकरी नाहीत, चांगल्या भरीव आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन बघता येतात. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आख: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि तुझ्या भाषेत एका ओळीचा अर्थ. चार्ज, प्रभार. फील्ड, क्षेत्र. फ्लक्स, अभिवाह. वाचायचं इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे. पण समजावून सांगायचं मराठीत, मैत्रिणीला, आईला, कुणी नसेल तर भिंतीला. जे मराठीत सांगता येत नाही ते तुला इंग्रजीतही कळलेलं नाही, फक्त पाठ झालेलं आहे.

तुझ्या गावाच्या आसपास इलेक्ट्रोस्टॅटिक्स उभंच आहे, ते बघायला मी मुद्दाम सांगते. परळीचं थर्मल तुला लांबून दिसत असेल. कोळसा जळून जी राख धुरासोबत निघते, ती चिमणीत जाण्याआधी तिला पकडायला अशा केंद्रांत इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतो. मोठमोठ्या पत्र्यांच्या मधोमध तारा टांगलेल्या आणि त्यांना काही दशसहस्र व्होल्ट ऋण विभव दिलेलं. तारेजवळची हवा आयनीभूत होते, राखेचे कण ऋण होतात आणि पत्र्यांवर जाऊन बसतात. मग पत्र्यांना ठोकून राख खाली पाडायची. तुला प्रश्न असा: मध्ये पत्राच का नाही टांगला, तारच का? गॉस लॉ दंडगोलावर लाव. तारेचं फील्ड अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तार जितकी बारीक तितकं तिच्या पृष्ठभागाजवळचं फील्ड जबर. पेपरात "अनंत लांबीच्या तारेचं फील्ड काढा" असं येतं आणि लेकरांना वाटतं ही तार कुणीतरी हवेत कल्पून ठेवली आहे. संभाजीनगरजवळच्या वाळूजला पावडर कोटिंगची (लोखंडावर रंगाची पूड बसवायची) शॉप आहेत, तिथेही हेच: पावडरीला चार्ज द्यायचा, जमिनीला जोडलेल्या लोखंडाकडे ती आपसूक ओढली जाते, मागच्या बाजूलाही जाऊन बसते, कारण क्षेत्ररेषा वळून तिथेही पोचतात.

आणि कॉलेजच्या दारातलं झेरॉक्सचं दुकान! नोट्सच्या झेरॉक्स काढायला तिथे रांग लावून उभं राहता, आणि आत तुमचं युनिटच फिरत असतं. ड्रमवर चार्ज पसरवतात, उजेड पडतो तिथला निघून जातो, अक्षरांच्या जागी उरतो, त्यावर शाईची पूड चिकटते. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली अशी प्रत काढली तेव्हा गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून चार्ज केला होता. तू घोंगडीवर पाइप घासशील त्याच्याहून फार वेगळं काही नाही.

मोठ्या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून दोन गणितं सांगते, दोन्ही स्वतः कर. एक कूलोंबचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर बल ९ अब्ज न्यूटन येतं, म्हणजे सुमारे ९ लाख टनांचं वजन. उसाच्या जोडट्रॉलीत २० टन धरले तर पंचेचाळीस हजार ट्रॉल्या. म्हणूनच पुस्तकातली गणितं नॅनो आणि मायक्रोत असतात. दुसरं: एक मिलिमीटर हवेची फट ठेवून एक फॅरडचा कपॅसिटर करायचा तर पत्रे केवढे लागतील? प्रत्येकी जवळपास ११३ चौरस किलोमीटर. पूर्ण भरलेल्या नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) साधारण एक तृतीयांश. मग छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मुठीत कसा मावतो? फट मायक्रॉनमध्ये आणून, प्लास्टिकच्या फिल्मचं डायइलेक्ट्रिक घालून आणि सगळं गुंडाळून. घरी मोटारीचा जुना 'कंडेन्सर' पडला असेल तर बघ, पण टर्मिनलला हात लावू नकोस, चार्ज मागे राहिलेला असू शकतो.

परीक्षेचं थोडक्यात. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतो, शेजारचं गंगाखेड परभणी जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. गंगाखेडच्या मैत्रिणीच्या नोट्स आणण्याआधी दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून बघ, युनिटची वाटणी वेगळी असू शकते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची रचनाही बदलली आहे, त्यामुळे सिनिअरकडून आलेली जुनी प्रश्नपत्रिका प्रश्नांसाठी वापर, गुणांच्या वाटणीसाठी नको. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम स्वतः उतरव, शेवटी संदर्भ पुस्तकांची यादी असते, ती घेऊन लायब्ररीत जा. कपाट कुलूपबंद असेल तर प्राध्यापकांची चिठ्ठी घेऊन जा, चिठ्ठीपुढे कुलूप उघडतं हा माझा अनुभव. डेरिव्हेशन लिहिताना आधी आकृती, मग समीकरण, आणि दर दोन पायऱ्यांनी एक वाक्य शब्दांत. डायपोलचं (सारख्या धन-ऋण चार्जच्या जोडीचं) पोटेन्शिअल आणि गॉस लॉचे उपयोग हे तर न बघता लिहिता आलेच पाहिजेत.

वेळेचं म्हणशील तर दीड महिना पुरतो. पहिले दहा-बारा दिवस बारावी आणि व्हेक्टर. त्यानंतर फक्त चार्ज असलेली कडी आणि सळई यांचं फील्ड इंटिग्रेशनने, पुन्हा पुन्हा, जोवर "आडवे घटक एकमेकांना खोडतात" हे वाक्य आकृतीकडे बोट दाखवून बोलता येत नाही. मग गॉस लॉ, आणि त्याच्यावर हवा तेवढा वेळ घालव. पोटेन्शिअल आणि कपॅसिटर त्यामानाने पटापट होतात.

जाता जाता गॉस लॉचं एक गणित देते, तेच माझ्याकडे पहिलं घेऊन ये. एका घनाच्या कोपऱ्यावर चार्ज ठेवला आहे. घनातून फ्लक्स किती? चार वावरांचे बांध जिथे मिळतात तिथे लिंबाचं झाड असलं की सावलीचा चौथा हिस्सा प्रत्येकाचा. कोपऱ्यावरचा चार्ज तसाच, फक्त वर आणखी चार वावरं आहेत असं समज: आठ घन मिळून तो पूर्ण वेढला जातो, म्हणून एका घनाला आठवा हिस्सा. आता घनाच्या सहा बाजूंपैकी प्रत्येकीतून किती? इथे सगळे सहाने भागतात. तू भागू नकोस. चार्जला टेकलेल्या तीन बाजूंकडे नीट बघ, क्षेत्ररेषा त्यांच्या पृष्ठभागाला धरूनच जातात की त्यांना भेदून? समोरच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार्जच्या एकूण फ्लक्सचा चोविसावा हिस्सा आला आणि का आला ते आकृती काढून मैत्रिणीला पटवता आलं, की पोटेन्शिअलचं प्रकरण उघड.